मोठ्या ऑनलाइन दुकानांच्या सत्तेला ग्राहक विरोध कसा करू शकतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑनलाइन खरेदीबद्दल मनात खदखद आहे, पण नेमकं करायचं काय ते कळत नाही, असं सांगणारे खूप लोक भेटतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते. या कंपन्यांची खरी ताकद आपल्या सवयीत आहे, त्यामुळे पहिला घाव तिथेच घालायला हवा. आणि विक्रेते, कामगार किंवा कायदा यांपैकी कुणीतरी आधीच लढत असेल, तर ग्राहकाच्या नकाराला खरं वजन येतं.

स्वस्त मिळतं, घरपोच मिळतं. मग विरोध कशाला?

स्वस्त मिळतं ते कुठवर आणि कुणाच्या जिवावर, हे पाहायला हवं. २०१० च्या सुमारास अमेरिकेत डायपर्स डॉट कॉम ही वेबसाइट बाळांचं सामान विकून चांगली चालत होती. ॲमेझॉनने डायपरचे भाव असे पाडले की तिला श्वास घेणं मुश्कील झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिची मूळ कंपनी क्विड्सी ॲमेझॉनच्या ताब्यात जायला तयार झाली आणि २०१७ मध्ये ती वेबसाइटच बंद करण्यात आली. त्या भावयुद्धात आईबापांचे काही पैसे वाचले, हे मी नाकारत नाही. पण युद्ध संपलं तेव्हा भावात टक्कर देऊ शकणारं एक दुकान बाजारातून गेलं होतं.

ही सत्ता नेमकी येते कुठून? शेवटी तेही एक दुकानच ना?

दुकान आहेच, शिवाय बाजारपेठही तीच आहे आणि त्या बाजारपेठेचे नियमही तीच ठरवते. ॲमेझॉनवर विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून जास्त वस्तू इतर विक्रेत्यांच्या असतात. हे विक्रेते कमिशन देतात, गोदामात माल ठेवण्याचं आणि पोचवण्याचं भाडं देतात, आणि एवढं करूनही शोधल्यावर आपली वस्तू दिसावी म्हणून जाहिरातीचे पैसे वेगळे मोजतात. त्यांचा माल कुणाला दिसेल आणि कुणाला नाही, हे ज्या कंपनीच्या हातात आहे तीच स्वतःचा मालही तिथेच विकते.

यातली सगळ्यात मोठी मेख भावाची आहे. ‘आमच्यापेक्षा स्वस्तात दुसरीकडे विकायचं नाही’ ही अट जर्मनी आणि ब्रिटनमधल्या स्पर्धा नियामकांनी डोळे वटारल्यावर ॲमेझॉनने २०१३ मध्ये युरोपात मागे घेतली. पण लेखी अट गेली म्हणून दबाव जातोच असं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापार नियामक संस्थेने आणि १७ राज्यांनी मिळून ॲमेझॉनवर खटला भरला. त्यातला एक मुख्य आरोप असा, की विक्रेत्याने इतरत्र भाव कमी ठेवल्याचं दिसलं तर त्याची वस्तू शोधात इतकी खाली ढकलली जाते की ती कुणाला सापडतच नाही. कंपनीला हा आरोप मान्य नाही.

‘आता खरेदी करा’ या बटणामागे कुठला विक्रेता बसवायचा, हाही असाच वादाचा विषय. एकच वस्तू दहा जण विकत असले तरी बहुतेक ग्राहक समोर दिसणारं बटण दाबून मोकळे होतात, उरलेल्या नऊ जणांची यादी उघडायच्या भानगडीत पडत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय आयोगाने ॲमेझॉनकडून लेखी हमी घेतली: विक्रेत्यांना समान वागणूक द्यायची, आणि भाव किंवा डिलिव्हरी खरोखर वेगळी असेल तर दुसरा पर्यायही तितकाच ठळक दाखवायचा.

हा एकाच कंपनीचा स्वभाव आहे असंही नाही. ‘आमच्याकडे विका नाहीतर त्यांच्याकडे, दोन्हीकडे चालणार नाही’ असा दम विक्रेत्यांना भरल्याबद्दल चीनच्या नियामकाने एप्रिल २०२१ मध्ये अलिबाबा या तिथल्या बलाढ्य ऑनलाइन बाजारपेठेला १८ अब्ज युआनहून अधिक दंड केला. भाषा वेगळी, देश वेगळा, राजवट वेगळी. खाक्या तोच.

मी तिथे खरेदीच करत नाही. मग मला काय त्याचं?

तुमच्या खिशालाही झळ बसू शकते. विक्रेता कमिशन आणि जाहिरातीचा खर्च भावात धरतो. इतरत्र भाव उतरवला तर मोठ्या दुकानात आपण दिसेनासे होऊ, ही धास्ती त्याला असेल, तर तो स्वतःच्या वेबसाइटवरही तोच चढा भाव ठेवतो. अमेरिकेतल्या खटल्याचा हाच एक कणा आहे.

मी एकटीने खरेदी थांबवून काय फरक पडणार?

एकटीच्या ऑर्डरी थांबल्याने कंपनीच्या ताळेबंदावर ओरखडाही उठणार नाही. २०२३ मध्ये ॲमेझॉनचा कामकाजातून आलेला नफा सुमारे ३७ अब्ज डॉलर होता आणि त्यातला जवळपास दोनतृतीयांश हिस्सा क्लाउड सेवेचा, म्हणजे इतरांना सर्व्हर भाड्याने देण्याचा होता. म्हणजे तुम्ही खरेदी करता ती दुसरी एखादी वेबसाइटही त्याच कंपनीच्या सर्व्हरवर चालत असू शकते. २८ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेत ‘आज काहीच विकत घेऊ नका’ असं आवाहन झालं, मार्चमध्ये आठवडाभर ॲमेझॉन टाळण्याचं झालं. अशा दिवसांमुळे चर्चा होते, माणसं एकमेकांना सापडतात, हे मला मोलाचं वाटतं. पण गुरुवारी टाळलेली ऑर्डर शनिवारी दिली, तर कंपनीचं काहीच बिघडत नाही.

आता याची दुसरी बाजू. नोव्हेंबर २०१८ मध्ये एबबुक्स या जुन्या आणि दुर्मीळ पुस्तकांच्या बाजारपेठेने (ती २००८ पासून ॲमेझॉनच्या मालकीची आहे) काही देशांतल्या विक्रेत्यांना महिनाअखेरपासून तुमची खाती बंद, असं कळवलं. दक्षिण कोरिया, हंगेरी, चेक प्रजासत्ताक आणि रशिया हे त्यातले देश. काहींचा तर उदरनिर्वाहच त्यावर चालत होता. बातमी फुटली आणि जगभरातल्या शेकडो पुस्तकविक्रेत्यांनी आपली खाती ‘सुट्टीवर’ टाकली. त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. विक्रेता खरोखर सुट्टीवर गेला की दाबायचं बटण तिथे होतंच. बघता बघता लाखो पुस्तकं यादीतून दिसेनाशी झाली. ज्यांची खाती शाबूत होती ते आपलं नुकसान सोसून ज्यांची जाणार होती त्यांच्या पाठीशी उभे राहिले होते. काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली.

हा प्रसंग मी भेटेल त्याला सांगते. मागणी नेमकी होती, मुदत जवळ आली होती, आणि ज्यांनी नकार दिला त्यांच्यावाचून त्या वेबसाइटवर विकायला काही उरतच नव्हतं. ग्राहकांनी बहिष्काराचा विचार करताना या तीन गोष्टी आधी तपासून पाहाव्यात.

सुरुवात कुठून करावी?

मेंबरशिपपासून. ॲमेझॉनने वार्षिक वर्गणी घेऊन मोफत डिलिव्हरी द्यायला २००५ मध्ये सुरुवात केली आणि नंतर अनेकांनी तिची नक्कल केली. एकदा वर्गणी भरली की ‘पैसे तर दिलेच आहेत, वसूल करू या’ असं वाटायला लागतं, मग दुसरीकडे डिलिव्हरीचे पैसे देणं जिवावर येतं. पुढे भाव ताडून पाहणंही सुटतं. मेंबरशिप बंद केली की प्रत्येक खरेदीच्या वेळी पुन्हा विचार करावा लागतो, आणि तो विचार परत यावा एवढंच मला हवं आहे.

त्यानंतर ॲपच्या सूचना बंद करा, साठवलेलं कार्ड काढून टाका आणि एका टिचकीत ऑर्डर देण्याची सोय बंद करा. कार्डचा नंबर दर वेळी हाताने भरायला लागला की निम्म्या वस्तू कार्टमध्येच पडून राहतात. हे काही फार मोठं आंदोलन नाही, पण चिकाटीने केलेलं टिकतं.

मेंबरशिप रद्द करायला गेले की पानामागून पान येतं. माझंच काही चुकतंय का?

तुमचं काहीच चुकत नाही. ती वाट मुद्दाम तशी आखलेली असते. जून २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने याच मुद्द्यावर ॲमेझॉनविरुद्ध तक्रार दाखल केली, तेव्हा त्या वाटेचं तपशीलवार वर्णन जगासमोर आलं: चार पानं, सहा क्लिक, पंधरा पर्याय. रद्द करायचं म्हटलं की आधी तुम्ही काय काय गमावणार याची उजळणी, मग सवलतीचा किंवा वेगळ्या मुदतीचा प्रस्ताव, आणि त्यातून पार पडलात तर शेवटी खरं बटण. मधे कुठेही ‘नंतर आठवण करा’ किंवा ‘फायदे चालू ठेवा’ यावर बोट पडलं की सगळं मुसळ केरात. कंपनीच्या आत या वाटेला नाव दिलं होतं ‘इलियड’, म्हणजे लांबलचक ट्रोजन युद्धावरचं ग्रीक महाकाव्य. कर्मचाऱ्यांना ती किती लांबलचक आहे हे पक्कं ठाऊक होतं, याचा दुसरा पुरावा कशाला हवा?

सप्टेंबर २०२५ मध्ये हे प्रकरण २.५ अब्ज डॉलरवर मिटलं: १ अब्ज दंड आणि १.५ अब्ज ग्राहकांना परत. कंपनीने चूक कबूल केली नाही. मात्र नकाराचं बटण स्वच्छ आणि स्पष्ट ठेवणं तिला बंधनकारक झालं. ‘नको, मला मोफत डिलिव्हरी नको’ असं लिहून नकार देणाऱ्यालाच खजील करणारं बटण आता चालणार नाही.

तुम्ही कुठलीही मेंबरशिप रद्द करत असाल, तर शेवटचं ‘रद्द झाली’ असं पान येईपर्यंत टॅब बंद करू नका. त्याचा स्क्रीनशॉट काढा, ईमेल आलाय का बघा, आणि पुढच्या महिन्याचं बँक स्टेटमेंट डोळ्यांखालून घाला. मला स्वतःला एका कंपनीने रद्द केल्यानंतरही वर्गणी लावली होती. माझ्याकडे स्क्रीनशॉट होता, म्हणून पैसे दोन ईमेलमध्ये परत मिळाले.

शोधल्यावर सगळ्यात वर येणारी वस्तू चांगली असते ना?

वर येण्यासाठी बऱ्याचदा पैसे मोजलेले असतात. वस्तूच्या नावाजवळ ‘प्रायोजित’ अशी बारीक, फिकट अक्षरं दिसतात का ते पाहा. ती न वाचता पुढे जाणारे आपण सगळेच असतो.

ताऱ्यांवरही आंधळा भरवसा नको. यातली एक चलाखी कळली की डोळे उघडतात. जुन्या, गाजलेल्या वस्तूच्याच पानावर नवी वस्तू ‘दुसरा प्रकार’ म्हणून जोडायची, की जुने हजारो अभिप्राय आयतेच नव्या वस्तूच्या नावावर चढतात. २०२३ मध्ये अमेरिकेत जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकणाऱ्या एका कंपनीला याच कारणासाठी ६ लाख डॉलर भरावे लागले. ओळखायचं कसं? अभिप्राय नव्याकडून जुन्याकडे असे लावा आणि अगदी तळापर्यंत जा. हेडफोनच्या पानावर तीन वर्षांपूर्वीचा माणूस चार्जरच्या वायरीचं कौतुक करताना सापडला, तर तिथून निघा.

तिथे वस्तू शोधायची आणि उत्पादकाच्या वेबसाइटवरून घ्यायची, हे बरोबर आहे का?

अगदी बरोबर. शोधण्यासाठी फुकट वापर करून घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त एक लक्षात असू द्या. काही उत्पादक स्वतःच्या वेबसाइटवरच्या ऑर्डरीही मोठ्या कंपनीच्या गोदामातूनच पाठवतात, त्यामुळे दारात खोकं ओळखीचं येऊ शकतं. फसवलं गेल्यासारखं वाटून घेऊ नका. बाजारपेठेचं कमिशन तरी वाचलं, आणि ग्राहक म्हणून तुमचं नाव उत्पादकाकडे राहिलं. त्यांना एक ओळ लिहून सांगा की दुसरी डिलिव्हरी असेल तर दोन दिवस जास्त थांबायला तयार आहे. छोट्या उत्पादकांना असं सांगणारे ग्राहक फार थोडे भेटतात.

पुस्तकांचं काय?

या सगळ्याची सुरुवातच पुस्तकांपासून झाली. ॲमेझॉनने १९९५ मध्ये पहिल्यांदा विकायला काढली ती पुस्तकंच. विरोधाचे सगळ्यात ठोस प्रयोगही याच क्षेत्रात झाले.

फ्रान्समध्ये १९८१ पासून नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि कुणालाही ५ टक्क्यांहून जास्त सूट देता येत नाही. ऑनलाइन दुकानांनी यातून पळवाट काढली ती सूट अधिक मोफत डिलिव्हरी अशी. २०१४ मध्ये दोन्ही एकत्र देण्यावर बंदी आली, तर डिलिव्हरीचा दर एक सेंट झाला! शेवटी २०२१ मध्ये नवा कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोपर्यंतच्या पुस्तकांच्या ऑर्डरीवर किमान ३ युरो डिलिव्हरी लावणं सक्तीचं झालं. यावर मतभेद आहेत, कारण पुस्तकाचं दुकान जवळ नसलेल्या वाचकालाही ते ३ युरो द्यावे लागतात. तरीही मला या चिवटपणाचं कौतुक वाटतं. पळवाट निघाली म्हणून त्यांनी नाद सोडला नाही, पुढचा कायदा केला.

अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये बुकशॉप डॉट ऑर्ग सुरू झालं. तिथे ऑनलाइन घेतलेल्या पुस्तकाच्या नफ्यातला वाटा स्वतंत्र पुस्तकांच्या दुकानांना जातो. ऑनलाइन सोय हवी, पण पैसा एकाच तिजोरीत जायला नको, असं वाटणाऱ्यांसाठी हा रस्ता आहे.

ई-पुस्तकांच्या बाबतीत मात्र जास्त सावध राहा. तुम्ही बहुतेक वेळा पुस्तक घेत नाही, वाचण्याचा परवाना घेता. २००९ मध्ये हक्कांच्या वादामुळे जॉर्ज ऑरवेल यांची पुस्तकं किंडल या ॲमेझॉनच्या ई-पुस्तक वाचायच्या यंत्रातून परस्पर पुसली गेली होती. कंपनीच्या प्रमुखाला माफी मागावी लागली. फेब्रुवारी २०२५ अखेर किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीने यंत्रात टाकण्याची सोयही बंद झाली. जिथे फाइल कुलूप न लावता मिळते तिथून घ्या, नाहीतर ग्रंथालयातून.

गोदामातले कामगार संपावर असतील तर ऑर्डर द्यावी का?

आधी कामगार काय म्हणतात ते ऐका. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतल्या बेसेमर इथल्या गोदामात युनियनसाठी मतदान चालू असताना आठवडाभराच्या बहिष्काराचं आवाहन सगळीकडे फिरलं. ते युनियनने केलेलंच नव्हतं. भावना चांगली असली तरी लढणाऱ्यांना न विचारता त्यांच्या नावाने काही करणं बरं नाही.

युनियनने स्वतः साद घातली, तर मात्र मागे राहू नका. ‘मेक ॲमेझॉन पे’ ही आंतरराष्ट्रीय मोहीम २०२० पासून ब्लॅक फ्रायडेच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या मोठ्या सेलच्या सुमारास अनेक देशांत एकाच वेळी संप आणि निदर्शनं घडवून आणते. सेलच्या दिवशी गोदामावर सर्वांत जास्त ताण असतो आणि त्याच दिवशी कामगाराच्या शब्दाला सर्वांत जास्त किंमत असते. एप्रिल २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या जेएफके-८ गोदामात कामगारांनी २,६५४ विरुद्ध २,१३१ मतांनी युनियनचा कौल जिंकला, तरी पुढे कंपनी वाटाघाटीला बसेना. जानेवारी २०२५ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, जिथे एका गोदामात युनियन झाली होती, तिथली सातही गोदामं ॲमेझॉनने बंद केली. युनियनशी संबंध नाही असं कंपनीचं म्हणणं. तिथल्या लोकांनी बहिष्काराची हाक दिली, आणि मला ती रास्त वाटते.

मला बाहेर पडता येत नाही, औषधोपचाराचं सामान दुसरीकडे मिळत नाही. मी ऑनलाइनच घेते. मी चुकते आहे का?

नाही. ज्याच्याकडे पर्याय आहे त्याने तो वापरावा. अपंगत्व, आजारपण, लांबचं घर, अपुरा पैसा यांच्यामुळे कुणाला मोठ्या दुकानाचा आधार घ्यावा लागत असेल, तर त्याच्यावर बोट रोखणारी चळवळ माझी नाही. तुमच्या तक्रारीला उलट जास्त वजन आहे, कारण अडकलेल्या ग्राहकाशी कंपनी कशी वागते हे तुम्हीच सांगू शकता.

मग नवी, अतिस्वस्त ॲप वापरू का? तेवढीच मोठ्यांची मक्तेदारी मोडेल.

कृपा करून नको. चक्र फिरवा आणि सूट जिंका, दहा मिनिटं उरली, चारशे लोक हेच पाहत आहेत: हा सगळा विचार करू न देण्याचा खेळ आहे. जुलै २०२५ मध्ये फ्रान्सने शीन या अतिस्वस्त कपड्यांच्या ॲपला फसव्या सवलतींबद्दल ४ कोटी युरो दंड केला. आधी भाव वाढवून मग सूट दाखवणं हा त्यातला एक आरोप. भारतातही नोव्हेंबर २०२३ पासून अशा १३ फसव्या पद्धती नाव घेऊन निषिद्ध ठरवल्या आहेत, खोटी घाई त्यात येते.

भरपूर ऑर्डरी देऊन परत पाठवल्या तर कंपनीला धडा मिळेल?

धडा विक्रेत्याला आणि गोदामातल्या माणसाला मिळतो. परत आलेला माल कधीकधी सरळ नष्ट केला जातो. न विकलेला माल नष्ट करण्यावर फ्रान्सला २०२२ पासून कायद्याने बंदी आणावी लागली. हे अजिबात करू नका.

तक्रार करून खरंच काही होतं का?

होतं, वेळ लागतो. मे २०१८ मध्ये युरोपचा विदा (डेटा) संरक्षणाचा नवा कायदा लागू झाला. त्याच महिन्यात ला क्वाद्रात्यूर द्यू नेट या फ्रेंच संस्थेने दहा हजारांहून जास्त सामान्य लोकांच्या सह्या घेऊन ॲमेझॉनविरुद्ध तक्रार केली: आमच्या संमतीशिवाय आमच्या वागण्यावरून जाहिराती दाखवता. तीन वर्षांनी, २०२१ मध्ये, ॲमेझॉनचं युरोपातलं मुख्यालय जिथे आहे त्या लक्झेंबर्गच्या नियामकाने ७४.६ कोटी युरो दंड ठोठावला, आणि मार्च २०२५ मध्ये तिथल्या प्रशासकीय न्यायालयाने तो कायम ठेवला. त्या लोकांनी केलं काय, तर एक अर्ज भरला.

तुमच्या देशात विदा संरक्षणाचा कायदा असेल, तर कंपनीकडे तुमच्याबद्दलची सगळी माहिती मागा. काय शोधलंत, किती वाजता, कुठल्या पानावर थांबून परत फिरलात, असं बरंच काही त्यात सापडतं. ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की सांगावं लागत नाही. फसव्या सवलतीची तक्रार करताना वस्तूचं पान, तारीख आणि भाव दिसेल असा स्क्रीनशॉट जोडा. ‘मला फसवलं’ एवढंच लिहिलेल्या तक्रारीवर कुणालाच पुढे काही करता येत नाही.

खातं कायमचं बंद करायचं ठरवलंय. आधी काय बघू?

आधी वॉरंटी चालू असलेल्या वस्तूंची बिलं उतरवून घ्या, कारण खात्याबरोबर जुन्या ऑर्डरीही दिसेनाशा होतात. गिफ्ट कार्डची शिल्लक संपवा. ई-पुस्तकं, सिनेमे, क्लाउडमध्ये ठेवलेले फोटो हे सगळं त्याच खात्याला बांधलेलं असतं. फोटो आधी दुसरीकडे हलवा. घरातला बोलणारा स्पीकर किंवा दारावरचा कॅमेरा त्याच खात्यावर चालत असेल तर तो बंद पडेल, त्याची सोय बघा. कुटुंबातलं आणखी कुणी तुमच्याच खात्यावर मागवत असेल तर त्यांना आधी सांगा. आणि एखादी ऑर्डर परत पाठवण्याच्या मुदतीत असेल, तर रिफंड बँकेत जमा होईपर्यंत खातं चालू ठेवा.